महसीर, डोह आणि चुकलेला स्ट्रोब

८ फेब्रुवारी, अमरावती
काल बार्शीटाकळीकडच्या डोहात काढलेले फोटो कॉलेजात मोठ्या पडद्यावर पाहिले. चाळीस. सगळ्यांत पांढरे ठिपके, दुसरं काही नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला चिकटून, त्यामुळे समोरचा गाळच उजळतो. बाहेरचा फ्लॅश हवा, पाण्यात चालणारा स्ट्रोब. हातभर बाजूला धरला की उजेड तिरका पडेल.
डोहाकाठचे किसनकाका भोई शपथेवर सांगतात, महसीर मासा अजून आहे तिथं. बाकी कुणी पाहिलेला नाही. मार्चात नदी खोलीकरण. डोहाचा खडक फोडणार. महसीरचा पुरावा दिला तरच थांबेल.

११ फेब्रु.
काकांना घेऊन खोलीकरणाच्या इंजिनिअरकडे. विचारलं, एक मासा धरून आणला तर?
"मॅडम, बादलीतला मासा कुठूनही आणता येतो. डोहातला दाखवा."
बाहेर आल्यावर काका म्हणाले, "म्हंजे मी लबाड?"

१४ फेब्रु., अकोला
राऊतांकडे. जुने फोटोग्राफर, पूर्वी मालवणला पाण्याखाली फोटो काढायचे. त्यांचा स्ट्रोब मोठा, दणकट, आजच मिळतो. दुसरा मुंबईहून मागवायचा. लहान, पण डिजिटलसाठीच बनवलेला. तीन आठवडे लागतील.
राऊत म्हणाले, "माझा फिल्मच्या जमान्यातला आहे. जमते का पाहा बुवा."
मी घाई केली. तोच आणला.

१९ फेब्रु.
दिसला. महसीर. खडकाच्या कपारीत, माझ्यापासून दोन हातांवर. हाताएवढे लांब अंग, खवले एकेक मोजता यावेत असे. श्वास धरून सहा वेळा बटण दाबलं. सहाही वेळा स्ट्रोब पेटला.
सहाही फोटो काळे.

२० फेब्रु.
कारण कळलं. डिजिटल कॅमेरा फोटोआधी एक बारीक चमक मारून उजेड मोजतो. राऊतांचा स्ट्रोब त्या पहिल्या चमकेलाच पेटतो. खरा फोटो निघतो तेव्हा विझलेला. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश गाळ उजळू नये म्हणून मीच झाकलेला, स्ट्रोबला इशारा देण्यापुरता. माझ्या कॅमेऱ्यात ती चमक बंदही करता येत नाही. हे आधी वाचायला काय झालं होतं? प्राणिशास्त्र शिकवते म्हणे मी.
मुंबईचा मागवला आज. सहा दिवस वाया.

२७ फेब्रु.
काकांचा फोन. "बाई, मार्चाआधीच मशीन आली. वरच्या अंगानं खोदून राह्यले. पानी लाल झालं."
तेच पुढे म्हणाले, "तुमी काहून रडता? येईन ना तुमचा लाइट."
त्यांनी समजूत घालावी माझी.

१२ मार्च
स्ट्रोब काल आला. आज डोहात उतरले. स्वतःचा हात दिसेना. कपार चाचपडत शोधली, अंदाजानं त्या दिशेला कॅमेरा धरला, स्ट्रोब लांब बाजूला. बरोबर वेळेवर पेटत होता. कशावर, माहीत नाही. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला आतून वाफ धरलेली, पडदाही दिसत नव्हता.
वर आले तर काका काठावर उकिडवे बसलेले. सकाळपासून जेवले नव्हते.
"आला काय फोटोत?"
"आला," म्हणाले मी.
ते उठले, टोपी काढून डोहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी ग्रामसभेत मी सांगतो साऱ्याइले. बाईनं पाह्यला म्हनून."
कॅमेऱ्याचं कार्ड पर्समध्ये आहे. घरी येऊन चार तास झाले. कॉम्प्युटर चालू केलेला नाही.