रिसेप्शनचा सूट

आखन, जर्मनी,
रविवार, १६ सप्टेंबर २००७

तीर्थरूप बाबा,

आई गेल्यापासून पत्राच्या मायन्यातलं 'उभयतांना' गळालं, म्हणून एकट्या तुम्हालाच साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. थंडी अजून पडलेली नाही, सायकल जागेवर आहे आणि जेवण वेळेवर होतं. तुमचे नेहमीचे प्रश्न संपले.

या खेपेचा प्रश्न नेहमीचा नव्हता. वसुधाबाईंशी लग्न करावं म्हणतो, तुझं काय म्हणणं, असं तुम्ही विचारलंत. ज्येष्ठ नागरिकांच्या संगणकवर्गात ओळख झाल्यापासून तुम्ही दोघं सगळ्या जगाला ई-मेल पाठवता, पण हे मात्र तुम्ही हाताने लिहिलंत. तेव्हा मीही हातानेच लिहितोय. मध्यंतरी फोनवर बोलणं झालं तेव्हा मी पुण्यातल्या पावसाची चौकशी केली आणि तुम्हीही पावसाचंच सांगितलंत. दोघंही सज्जन माणसं.

उत्तर देतो, पण आधी इकडची हकिकत.

माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये योर्ग म्हणून एक जण आहे. त्याच्याकडे चक्क लखनौला बनलेली जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर आहे. तो आणि त्याचे मित्र स्वतःला मॉड म्हणवतात. चाळीसेक वर्षांपूर्वी लंडनच्या तरुणांनी हे खूळ काढलं: अंगाबरोबर शिवलेला सूट, इटालियन स्कूटर, तिला पुढे ढीगभर आरसे आणि सुटाला तेल लागू नये म्हणून वरून सैनिकांचा पार्का, म्हणजे टोपीवाला ढगळ कोट. इथली मंडळी हे सगळं अजून सोवळ्याइतकं कडक पाळतात. योर्गने स्कूटरला नवा डिस्क ब्रेक बसवला तर दोघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो म्हणतो, "मला ती चालवायचीय, म्युझियमला द्यायची नाहीये."

त्यांच्यात माझा शिरकाव झाला तो तुमच्या सुटामुळे. डिसेंबरात "इथे कसर लागेल, घेऊन जा" म्हणून तुम्ही दिलात तो, तुमच्या लग्नाच्या रिसेप्शनचा राखाडी. तीन बटणं, बोटभर लॅपल, आत 'आत्माराम टेलर्स, लक्ष्मी रोड' अशी पट्टी. खिशाचं अस्तर आईने हिरव्या दोऱ्याने शिवलंय, बहुधा राखाडी सापडला नसेल. मला तो खांद्यात जरा सैल होतो, पण तेवढं कोण बघतं?

गेल्या रविवारी आम्ही सगळे स्कूटरींवरून व्हाल्सच्या टेकडीवर गेलो. तिथे जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम एकमेकांना टेकतात. कॉफी होती, प्लमचा केक होता. सूट पाहून मंडळी खुळावली. एकाने अस्तर बघायला मागितलं, दुसऱ्याने पट्टीचा फोटो काढला. मी बऱ्यापैकी फुगलो.

मग रेनाटे आली. साठी उलटलेली बाई. तरुणपणी ती लंडनला एका घरी मुलं सांभाळायला होती, म्हणजे या सगळ्यांत खरे मॉड पाहिलेली ती एकटीच. तिच्या अंगात स्वतः शिवलेला, कोरा करकरीत काळा-पांढरा फ्रॉक होता. तिने लॅपल दोन बोटांत धरून पाहिला.

"आल्झो, फारच सुंदर. कुणाचा?"

"वडिलांचा."

"आणि तुझा कुठे आहे?"

मी म्हटलं, हाच की, अस्सल आहे. ती हसली. "आम्ही त्या वेळी बापाचा कोट घालून बाहेर पडलो असतो तर लाजेने मेलो असतो. पगार झाला की नवा शर्ट. दुसऱ्या कुणी तसाच घेतला की आपला कपाटात. जुनं जपत बसायला वेळ कुणाला होता?"

मला राग आला. तुमच्या सुटाला कुणी जुना म्हणावं हे सहन होईना. म्हणून तिला आपल्या घरात शंभरदा सांगून झालेली गोष्ट सांगितली. रिसेप्शनला तुम्ही धोतर, काळा कोट आणि पगडी घालून उभं राहावं असं आजोबांचं म्हणणं होतं. तुम्ही आत्माराम टेलरला मासिकातलं चित्र दाखवून हा सूट शिवून घेतलात. "आमच्या घरात हे चालणार नाही," असं आजोबांनी बजावलं, आणि तरी तुम्ही तो घातलात, म्हणून ते रिसेप्शनभर तोंड फिरवून बसले. आइस्क्रीमलासुद्धा हात लावला नाही.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" रेनाटे म्हणाली. "तुझे वडील मॉड होते. तू नाहीस."

मला तुमचं पत्र आठवलं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, की वसुधाबाई स्वयंपाकघरातली फडताळं काढून ट्रॉल्या बसवू म्हणतात. ते वाचल्यावर मी मनात नेमकं हेच म्हटलं होतं, आमच्या घरात हे चालणार नाही. म्हणजे या गोष्टीतला तोंड फिरवून बसलेला माणूस आता मी आहे. आणि मला तर आइस्क्रीम आवडतं.

आता जे टाळत होतो ते लिहितो. दोन वर्षांत परत येतो असं म्हणालो होतो. येत नाहीये. इथेच जर्मनीत, एश्बॉर्नच्या एका कंपनीत कायमची नोकरी घेतली आहे, ऑक्टोबरपासून. तुमचं पत्र आलं तेव्हा करारावर सही होऊन गेली होती. मी इकडे पुढे जाणार आणि तुम्ही तिकडे घर आई असतानासारखं ठेवून त्यात एकटे राहणार, अशी माझी सोय मी परस्पर लावून टाकली होती. मला अधूनमधून येऊन बघायला बरं. बाबा, फडताळं गेली की आई खरंच जाईल, या भीतीने मी गप्प होतो. बाकी वसुधामावशींशी माझं काहीच वाकडं नाही. त्या फोनवर माझ्याशी नेहमी गोडच बोलतात.

तर माझं म्हणणं. लग्न करा. ट्रॉल्या बसवा. आईचा मिसळणाचा डबा मावशींना लागणार नसला तर तेवढा माझ्यासाठी ठेवा. इथे भाड्याच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ मिळतो, बाकी सगळं आपलं आपण आणायचं. मी डब्यापासून सुरुवात करीन.

तुमचा सूट मात्र मी लग्नात घालणार नाही, आणि तुम्हीही परत मागू नका. काल इथल्या टेलरकडे जाऊन माप दिलं. लॅपल बोटभरच ठेवायला सांगितलाय, तेवढं तुमचं. कापड नवं आहे, निळं. तुम्हीही नवा शिवून घ्या, रंग मावशींना विचारून ठरवा. पगडीचा आग्रह माझ्याकडून होणार नाही.

तारीख ठरली की कळवा. मी येईन, आणि पहिल्या रांगेत तुमच्याकडे तोंड करून बसेन.

तुम्हा उभयतांना साष्टांग नमस्कार.

शार्दूल