काळजातले तागे

ता. ४ मे ९७, रविवार
अक्का आली. औरंगाबादहून दुपारच्या यष्टीनं. यमेस्सी, फस्क्लास. अप्पा कापडाच्या दुकानातल्या गल्ल्यावरून उठले न्हाईत पन गिऱ्हाइकाला दोनदा सांगितलं, ही माझी थोरली. आता १९ ला पुन्याला पीयचडीची मुलाखत. घेतलं तर पाच वर्षं तिथंच. पोटातल्या बाळाचं काळीज कसं घडतं, त्याच्या पेशी कशा तयार होत्यात, ते शोधायचं. आई म्हनली, "आन् लातूरचं स्थळ?" भाकरी खाल्ल्या.

ता. ७
गच्चीवर अक्काला इचारलं, नेमकं काय बघनार. म्हनली, अंगातल्या जवळपास सगळ्या पेशीत एकच दोरा हाय, माणसाच्या उंचीहून लांब. बारीक गोळ्यांवर गुंडाळलेला. त्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हनत्यात. कुठं घट्ट, कुठं सैल. मी हां हां केलं. काय बी कळलं न्हाई. आठवीत शाळा सोडली ते बरंच, असं वाटलं. पन अक्का तशी बघत न्हाई माझ्याकडं.

ता. ११, रविवार
लिहू वाटत न्हाई. वाडीचा बस्ता आलता, लग्नाचं कापड घ्यायला नवरीकडचे पंधराएक जन. रेडिमेडच्या पाठी लोक बीडला जात्यात, आमच्याकडं आले म्हनून अप्पा खूष. बायकांना मीच दाखवते. नवरीची मावशी म्हनली, फेट्याला पांढरं काढ. समदे माझ्याकडं बघत होते. खालच्या फळीवरचा तागा वढला, गाठ सोडली, गादीवर झटकला.

मयताचा तागा.

मावशी मागं सरकली. नवरीची आई म्हनली, "आगं बाई, लग्न हाय का काय हाय हे?" अप्पांनी तागा गुंडाळला, शालूला हळदकुंकू लावलं, हात जोडले. नवरीकडच्यांनी बस्ता बांधला. मी आत पळाले.

अक्का आली मागून. म्हनली, "तो तागा रोज दुकानातच असतो ना? मग आज कावून बिघडलं?"
"असतो. पन बस्त्यात उघडत न्हाईत त्याला."
ती हसायला लागली. मला राग आला.
म्हनली, "येडे, हेच मला कुनाला सांगता येत न्हवतं."
सगळ्या पेशी म्हंजे एकच माल भरलेली दुकानं. काळजाच्या पेशीत काळजाचे तागे मोकळे. डोळ्याचे, कातड्याचे बी तिथंच, पन बांधून. गाठ सैल करनारे कामगार बी पेशीतच असत्यात. बाळ वाढताना कंची गाठ आधी सुटते, ते बघायचं. भलतीच सुटली तर आजार.
कळलं. खरंच कळलं.

ता. १४
परळीहून काका आले, लातूरवाल्यांचा निरोप घेऊन. अप्पा म्हनले, "सरू, काय शिकनार ते काकाला सांग." अक्कानं सुरू केलं. विंग्रजी लई झालं. काका नुसतेच "बरं, बरं". मी चहा घेऊन उभी. कसं काय झालं म्हाईत न्हाई, पन बोलले. काकासमोर. तागे, गाठी, बस्ता, सगळं.

काका म्हनले, "आगं, हिला तोंड हाय की."
अप्पा कवाडाकडं बघत होते. मग इचारलं, "पन बस्ता आलाय हे त्या कामगाराला कोन सांगतं?"
अक्का म्हनली, "अप्पा, तेच पुरतं कळलेलं न्हाई अजून. त्यासाठीच जायचंय."
अप्पांनी मान हलवली. असला सवाल अप्पांनी केला. माझ्या अप्पांनी.

मग आई. "बघनार कुनाचं काळीज?"
"उंदराचं. पोटातल्या पिलांचं."
"मारून?"
"हां."
आईचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. आम्ही लिंगायत, आमच्यात जीव मारत न्हाईत. उठून गेली. काका चहा सोडून गेले.

ता. १५
आई अक्काशी बोलत न्हाई. अक्काला म्हनलं, आईला झाडाचं बघते म्हनायचं की. म्हनली, "आन् पाच वर्षं झाडाचंच म्हनत बसू?" खरं बोलली म्हनून मला लई भारी वाटली. आईचं बी चुकत न्हाई. दोघींच्या मधी झोपते.

ता. १८
अक्का गेली. अप्पा संगं. आईनं दशम्या बांधून दिल्या. यष्टी हलली तवा खिडकीपाशी जाऊन म्हनली, "येशील तवा आंघोळ करूनच घरात ये." जा न्हाई म्हनली, जाऊ नको बी न्हाई.

ता. २०
अप्पा आले एकटेच. मुलाखत बरी झाली, अक्का मैत्रिणीकडं थांबली. निकाल नंतर. लातूरवाल्यांना अप्पांनी सांगितलं, थांबा.
दुपारी आई शेंगा फोडत होती. एकदम म्हनली, "पिलाचं काळीज पोटात कवा धरतं गं? जीव आल्यावर, का आधी?"
मला म्हाईत न्हाई. म्हनलं अक्काला इचार.
"मला न्हाई त्या फोनवर बोलता येत. तू बोल."
उद्या बूथवर जाते.