काढलं होतं, सोडली नव्हती

वारजे, पुणे
८ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप रावसाहेबकाकांना,
चैतालीचा नमस्कार.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? दिग्विजयदादाची परीक्षा झाली का? आम्ही बरे आहोत. मी घरीच फॉल-पिकोची कामं घेते, गणपतीत बऱ्यापैकी साड्या आल्या. मम्मीने तुमच्यासाठी मोदक बाजूला ठेवले होते. पण द्यायला जाणार कोण, म्हणून शेवटी आम्हीच खाल्ले.

तुम्ही म्हणायचात, चैतालीचा आवाज ऐकायचा तर तिकीट काढावं लागतं. म्हणून फोन न करता लिहितेय. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही, चुका पोटात घाला.

जूनमध्ये कंपनीने पप्पांना काढलं, तेव्हा तुम्हीच घरी आला होतात. म्हणालात, "बद्री, पगारातून विम्याचे पैसे इतकी वर्षं कापलेत ना? नोकरी गेली की तीन महिने अर्धा पगार मिळतो. अर्ज कर, लाजू नकोस." कंपनीचं काढल्याचं पत्रही तुम्हीच आणून दिलंत.

पप्पा लाजलेच. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, मीच सोडली, मालकाशी पटेना. मम्मीनेही मला बजावलं, कोणी विचारलं तर हेच सांगायचं.

अर्ज भरायला मी गेले. पप्पा शिवणे भागात काम बघायला गेले होते, ओटीपीसाठी त्यांचा फोन माझ्याकडे. सायबरवाल्या अवधूतने मोठ्याने विचारलं, "काढलं की सोडली?" माझ्या मागेच खालच्या मजल्यावरच्या द्वारकाकाकू रेशन कार्ड घेऊन उभ्या. तुमचं पत्र माझ्या हातात होतं, मजकूर आत ठेवून दुमडलेलं.

मी म्हटलं, "सोडली."

"नीट सांग हं. नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

मी मान हलवली.

ऑगस्टमध्ये अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर स्वतःहून नोकरी सोडली. पप्पांना वाटलं कंपनीनेच तसं कळवलं, आणि कंपनीचे कागद तर तुमच्याच टेबलावरून जातात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. शिफ्ट सुटताना, गेटवर, सगळ्यांसमोर ते म्हणाले, "अठरा वर्षांच्या दोस्तीची चांगली पेन्शन दिलीस." आणि जूनमध्ये तुम्ही दिलेलं, त्यांनी लाजेने कधी उघडलंही नव्हतं ते पत्र, न वाचताच फाडून तुमच्या अंगावर टाकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाचून तरी फाडायचं होतंस रे."

काका, मी तिथे होते. रागात काही करतील म्हणून मम्मीने मला त्यांच्यामागे पाठवलं होतं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. रस्ता ओलांडून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. नाही बोलले. तुम्ही खाली वाकून कागदाचे तुकडे गोळा केलेत, तेही बघितलं.

गेल्या आठवड्यात मी एकटी विम्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅडम दोनदा म्हणाल्या, "काय? मोठ्याने बोल." तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कंपनीचं पत्र आण, नव्याने अर्ज करून बघू. ते पत्र आता तुम्हीच परत काढून देऊ शकता. मागायला तोंड नाही. नाही दिलंत तरी चालेल असं लिहिणार होते, पण चालणार नाही, काका. घरात अडचण आहे. आणि तुमच्याशी बोलणं तोडल्यापासून पप्पा आमच्याशीही धड बोलत नाहीत.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आता ते गॅलरीत बसून पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती बघतायत. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी त्यांच्या हातात देणार आहे. तुमच्यापर्यंत पोचलं, तर समजा की त्यांनी वाचलंय.

तुमच्यावर जिच्यामुळे आळ आला ती,
चैताली