रसूलची रिकामी जागा

बुलढाणा,
जानेवारी २०१८

प्रिय रसूल,

तू यायचा बंद झालास त्याला आता बरेच दिवस झाले. व्यायाम घेताना श्रद्धा मॅडम विचारायच्या, "तुमचे मित्र कुठे आहेत?" मी म्हणायचो, रोहिणखेडहून रोजची एसटी झेपत नसेल. खरं कारण कालपर्यंत फक्त तुला, तुझ्या आसमाला आणि मला माहीत होतं.

आपली बरोबरची शाळा संपल्यावर तू शेतात राहिलास, मी बुलढाण्यात कारकुनी केली, आणि म्हातारपणी आपली गाठ पडली ती लकव्याच्या व्यायामाच्या खोलीत. माझा डावा हात गेलेला, तुझा उजवा. बोंडअळीनं किडलेली कपाशीची पऱ्हाटी उपटता उपटताच तू कोसळलास, हे तू असं सांगितलंस की सगळी खोली हसली. मॅडमनी टीव्हीसमोर उभं करून पडद्यावरची फळं हातानं झेलायला लावली, तेव्हा तू म्हणालास, "हे तं कापूस वेचनंच हाय बे उद्धव, फक्त अळी नाही!" मला त्या खोलीची धास्ती वाटायची. तुझ्यामुळे मी तिथे टिकलो.

मग तो नावेचा खेळ आला. दोघांनी मिळून वल्हवायची नाव; समोरचा कॅमेरा आपले हात बघतो आणि पडद्यावरची वल्ही तशी हलतात. माझा हात हळूहळू उचलायला लागला होता, तुझा खांद्यापाशीच अडायचा. नाव एका अंगाला वळायची, खडकावर आपटायची. तू हसायचास. मला हसू येईना. हातातलं जे बळ परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त येतं, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मी इतका घाबरलो होतो रसूल, की शेजारी कोण उभं आहे हे मला दिसेनासं झालं.

त्या मंगळवारी तू पाणी प्यायला गेलास असं समजून मी मॅडमना म्हणालो, "मला एकट्याला खेळू द्या. त्याच्यापायी माझी नाव बुडते." मॅडम खेळ लावायला पडद्याकडे वळल्या, मी मागे वळलो तर तू दारात. आसमानं तुझं कोपर धरलेलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तिला एवढंच म्हणालास, "चाल बेटा, एसटी निंघून जाईन."

आता तुझ्या जागी कॉम्प्युटर वल्हवतो. तो चुकत नाही. बोलतही नाही. मागच्या आठवड्यात मी डाव्या हातानं चहाचा कप उचलला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या पद्मजावहिनीनं घरी शिरा केला. मी ताटली तशीच बाजूला सारली.

परवा आसमा औषधं न्यायला आली होती, ती बाजारात भेटली. मला टाळून गेली असती तर बरं झालं असतं. पण पोरगी थांबली, माझ्या हाताची चौकशी केली. मग म्हणाली, "काका, अब्बा हात शालीखालीच ठेवतात. डाव्या हातानं जेवायची लाज वाटते म्हणून पुतण्याच्या निकाहात दस्तरखानावर बसले नाहीत. सगळे जेवले, ते मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसले." पुढचं मला ऐकवेना.

काल मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तो कॅमेरा आणि खेळाची पेटी एका पिशवीत मावते, कोणत्याही टीव्हीला जोडता येते. रविवारपुरती त्यांनी ती मला दिली आहे, आणि जोडायची कशी तेही शिकवलं. दर रविवारी न्यायला त्यांची हरकत नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू भिडेखातर "हाव, ये" म्हणाला असतास, आणि मीही तेवढ्यावर भागवून घेतलं असतं. त्या दिवशी मी तुला न विचारता तुझ्याबद्दल ठरवून मोकळा झालो. म्हणून हे पत्र: या वेळी ठरवणारा तू. मी रविवारी सकाळच्या एसटीनं येतो आहे. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस, तर पिशवी आसमाकडे देईन, तिला जोडणी समजावीन आणि परत फिरेन. हात तुझा चालला पाहिजे, माझं तोंड बघितलंच पाहिजे असं नाही.

तू अजून मानत असशील तर तुझाच,
उद्धव