ज्याची चूक, त्याचा हात

हाउन्सलो,
११ ऑक्टोबर १९९३

ती. अलकाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. घरात फोन असताना पत्रं कशाला लिहायची, हा माझा प्रश्न दादांनी मी दहा वर्षांचा असतानाच निकालात काढला, त्यामुळे बसलोय लिहायला. मराठी चुकलं तर हस, पण मागच्यासारखं लाल पेनने करेक्ट करून परत पाठवू नकोस.

घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे बॉक्स. आईने चार प्रेशर कुकर पॅक केलेत, जणू नागपुरात लोक चुलीवरच जेवतात. आई-दादांचं चार डिसेंबरचं तिकीट कन्फर्म झालं. सत्तावीस वर्षं इथे काढली, आता बास, असं दादांचं म्हणणं. सहा डिसेंबरला दीक्षाभूमीवर उभं राहायचं हे त्यांनी पक्कं केलंय. मी आपला बॉक्सना दोऱ्या बांधतो.

खरी बातमी वेगळी आहे. तिकडे दोहाला वर्ल्ड कपचं एशियन क्वालिफाइंग या आठवड्यात सुरू होतंय, म्हणजे इथे एअरपोर्टच्या कार्गो शेडमागच्या ग्राउंडवर आपलं कामगारांचंही. इंडिया, इराण, इराक, हाँगकाँग, नेहमीच्याच चार टीम. खरी इंडिया पहिल्याच राउंडला बाहेर पडली, पण आमची आहे, आणि कॅप्टन मी आहे. राजीवभाऊजींना सांग, एक्याऐंशीपासून दर चार वर्षांनी आपण हरतोय, ते यंदा बंद.

भाऊजींना तो नियम माहीत नसेल तर तोही सांग. आमच्यात रेफ्री नसतो. एक्याऐंशीला इराण-इराकचं युद्ध पेटलेलं, शेडमधले इराणी आणि इराकी एकमेकांचा रेफ्री घ्यायला तयार होईनात, तेव्हा दादांनी तोडगा काढला: ज्याची चूक, त्याने स्वतःच हात वर करायचा. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. सगळे हसले होते, पण बारा वर्षं तो चाललाय. पंच्याऐंशीला दादा गोलकीपर होते. बॉल लाइनच्या आत गेलेला कुणाला दिसला नाही, त्यांनी स्वतःच हात वर करून सांगितलं आणि आपण हरलो. आपलेच लोक त्यांना महिनाभर हरिश्चंद्र म्हणत होते. मी सतरा वर्षांचा होतो, मला फार राग आला होता.

दादा जाण्याआधी जिंकणाऱ्याची ती शील्ड त्यांच्या हातात द्यायची आहे, ताई. बाकी मला काही सुचत नाही. परवा ट्रेनमध्ये विचार करत बसलो आणि स्टॉप हुकून थेट टर्मिनल फोरला पोचलो.

शिल्पाला मामाचा पापा. लोभ आहेच, मॅचपुरता थोडा जास्त ठेव.

तुझा,
शशिधर


नॉटिंगहॅम,
१५ ऑक्टोबर १९९३

चि. शशिधर यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. चुका अकरा आहेत, पण तुझी अट पाळते.

चार कुकरचं म्हणशील तर त्यातला एक माझा आहे, आईने तो मागच्या ख्रिसमसला माझ्या किचनमधून उचललाय. तिला सांग, अलकाला कळलंय.

तुझ्या पत्रातून धाप ऐकू येते रे. वॉर्डात असे पेशंट येतात, त्यांना आम्ही आधी बसायला सांगतो. तूही जरा बस. दादांना शील्ड मिळाली तर मला आनंदच होईल. पण ती मिळाली नाही तर ते नागपूरला जाऊन रडत बसतील, असं तुला का वाटतं? त्यांनी आजवर आपल्याकडे काय मागितलं? दर रविवारी सकाळी वंदनेला वेळेवर बसायचं आणि पत्र मराठीत लिहायचं, एवढंच. बाकी आपणच काहीबाही ठरवतो.

मला काळजी त्यांच्या तब्येतीची आहे. फोनवर आवाज बारीक वाटला. बीपीची गोळी घेतात का, हे आईला विचारू नकोस, ती हो म्हणते. डबी उघडून स्वतः मोज.

रविवारी चोवीसला फायनल ना? माझी ड्यूटी आहे. निकाल कळव. जिंकलास तर शेजाऱ्यांना पेढे देईन, हरलास तरी देईन, पेढे आधीच करून ठेवलेत.

दोघांना जयभीम सांग, आणि स्वतःला सांभाळ.

तुझी,
ताई


हाउन्सलो,
२५ ऑक्टोबर १९९३

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जिंकलो. एक-शून्य. इराक हरलं. गोल मी केला.

आता पुढचं वाच आणि हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस. कॉर्नर आला, मी उडी मारली, बॉल माझ्या कोपराच्या खाली लागला आणि आत गेला. डोक्याला लागलाच नाही. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. हात वर करायला मी सुरुवातही केली होती, शपथ. पण तेवढ्यात आपली सगळी पोरं अंगावर येऊन पडली आणि मी तो हात कुणाच्या तरी गळ्यात टाकला. मग मॅच पुढे सुरू झाली. मग संपली.

संपल्यावर इराकी लोक ग्राउंडवरून हलेनात. त्यांचा कॅप्टन कासिम, दादांबरोबर पंधरा वर्षं नाइट शिफ्ट केलेला, मधोमध उभा होता आणि त्याच्यामागे सगळी टीम. मला वाटलं, वाईट वाटलंय बिचाऱ्यांना. नंतर एकेकाने येऊन हात मिळवला. कासिमने माझा हात जरा जास्त वेळ धरला.

आणि दादा. दादांनी शील्ड दोन्ही हातांनी घेतली आणि घरी येईपर्यंत खाली ठेवली नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं, फायरप्लेसच्या वर ठेव. आज सकाळी त्यांचा बेत ठरला की शील्ड नागपूरला न्यायची, पुढच्या क्वालिफाइंगपर्यंत ती आपलीच आहे. विहारात ठेवून तिथल्या पोरांना दाखवायची आणि आपला नियम सांगायचा. आईने ती शालीत गुंडाळून ट्रंकेत भरलीसुद्धा.

ताई, नियम सांगणार आहेत. ती शील्ड समोर ठेवून.

मला एका जागी बसवत नाही. आज शिफ्टला चुकीच्या फ्लाइटचे तीन पॅलेट लोड केले आणि परत उतरवले. जेवण जात नाही. आईला वाटतं, ती चाललीये म्हणून. मी केलं ते दादांसाठी केलं, हे तरी तुला पटतं का? काय करू ते लगेच लिही. फोन करू नकोस, फोन हॉलमध्ये आहे, सगळ्यांना ऐकू जातं.

लोभ असेल तर असू दे, मागायला तोंड नाही.

शशी


नॉटिंगहॅम,
३० ऑक्टोबर १९९३

चि. शशी,
अ. आ.

पत्र मंगळवारी मिळालं आणि तुला दोन कानाखाली द्याव्यात म्हणून मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. ते फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं.

आमच्या वॉर्डात एक इराकी डॉक्टर आहेत. शुक्रवारी राउंडला आले ते बोलायचे थांबेचनात. गुरुवारी दोहाला इराक आणि जपानची मॅच होती. जपान पुढे होतं, नव्वद मिनिटं संपत आली होती, आणि अगदी शेवटी इराकने बरोबरी केली. जपानचा वर्ल्ड कप गेला, त्यांची माणसं मैदानावरच कोसळली. मी विचारलं, मग तुमचा देश जाणार का? तर म्हणाले, नाही, आम्हाला त्या गोलाने काहीच मिळालं नाही, बरोबरी झाली तरी आम्ही बाहेरच. मग कशाला एवढं पळाले, असं मी विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मॅच संपली नव्हती, एवढंच म्हणाले.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण त्यानंतर दिवसभर मला तुझा राग येत होता.

म्हणून लिहिणार होते की आजच्या आज दादांना सांग. आणि काल रात्री दादांचाच फोन आला. शशी, ते हसत होते. तुझा गोल त्यांनी मला दोनदा सांगितला. असे हसताना मी त्यांना कधी ऐकलं ते आठवेना. फोन ठेवला आणि मी जिन्यात बसून राहिले. आता मला ठामपणे काही सांगता येत नाही. मोठी बहीण म्हणून सांगायला हवं, पण खरंच येत नाही. मन म्हणतं सांग, आणि तेच म्हणतं पाच आठवडे तर उरलेत, राहू दे.

दादांसाठी केलंस हे मात्र मला पटत नाही. ते तू स्वतःलाही सांगू नकोस.

काही खात जा. चार डिसेंबरच्या आधी मी येतेच आहे.

तुझी,
ताई


हाउन्सलो,
५ डिसेंबर १९९३

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल एअरपोर्टवर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, दादा तुझ्याशी बोलत का नाहीत. आई जवळ होती म्हणून सांगितलं नाही. महिनाभर तुला लिहिलं नाही, त्याचंही कारण हेच.

सात नोव्हेंबरच्या रविवारी आम्ही तिघं वंदनेला बसलो होतो. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाला, न दिलेलं घेणार नाही म्हणतो ना आपण, तिथे माझा आवाज बंद पडला. दादा आणि आई पुढे म्हणत गेले. वंदना संपली आणि मी तिथेच बसून सगळं सांगितलं. आई रडली. मी म्हणालो, दादा, तुमच्यासाठी केलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, ट्रंक उघडून शील्ड काढली, सूट घातला आणि मला कोट घाल म्हणाले.

बसने कासिमच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा आणि खजूर पुढे ठेवले. मी हात वर केला, ताई, त्यांच्या सोफ्यावर बसून, शाळेतल्या पोरासारखा, आणि सांगितलं. कासिम म्हणाला, आम्हाला माहीत आहे, अकराही जणांनी पाहिलं. मॅच संपल्यावर ते वाईट वाटून थांबले नव्हते, माझा हात वर जायची वाट बघत उभे होते. बोट का दाखवलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, एकदा बोट दाखवलं की पुढच्या वेळी सगळे दुसऱ्यांचेच हात बघत बसतील. मग तुझ्या वडिलांचा नियम राहिला कुठे?

शील्ड त्याने घेतली नाही. गोल रद्द, मॅच बरोबरीत, शील्ड कॅन्टीनमध्ये ठेवायची, यंदा कुणाचंच नाव नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. आपलीच काही पोरं माझ्याशी बोलत नाहीत. ते चालेल.

पण दादा. त्या दिवसापासून चार आठवडे त्यांनी माझ्याशी कामापुरतं सोडून एक शब्द काढला नाही. काल गेटपाशी मी पाया पडलो, त्यांनी हात उचलला आणि पासपोर्ट चाचपला. आता ते नागपुरात आणि मी या रिकाम्या घरात. एका खोलीतून दुसरीत जातो आणि परत येतो. मी सांगायलाच नको होतं का, असंही मनात येतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

तुझा लोभ आहे म्हणून हे लिहू शकलो.

शशी


नागपूर,
१३ डिसेंबर १९९३

चि. शशिधर यास,
यादवराव रामटेके याचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तुझ्या आईचे गुडघे धरले आहेत, पण तिचे कुकर वाटून झाले आणि ती खूश आहे. सहा तारखेला दीक्षाभूमीवर गेलो. गर्दी फार होती.

काल विहारात माझा सत्कार झाला. कुणीतरी या लोकांना विलायतेतल्या आपल्या नियमाविषयी सांगून ठेवले होते. हार घातला, पोरांना समोर बसवले आणि मला बोलायला सांगितले. मी उभा राहिलो आणि मला बोलता येईना. प्रवासाचा थकवा म्हणून लोकांनी मला पाणी देऊन बसवले. थकवा नव्हता.

शशी, त्या दिवशी मी गोलपोस्टच्या मागे उभा होतो, तुझ्यापासून चार पावलांवर. बॉल तुझ्या हाताला लागला तो मी पाहिला. तू हात उचललास आणि खाली घेतलास, तेही पाहिले. स्वतःला सांगितले की ज्याची चूक त्याने बोलायचे, दुसऱ्याने बोट दाखवायचे नाही. मीच केलेला नियम मी अंगावर पांघरून घेतला. कासिम गप्प राहिला तो नियम जगावा म्हणून. मी गप्प राहिलो तो शील्डसाठी. त्याच्या घरी चहा पिताना मला हा फरक कळत होता, तरीही मी तोंड उघडले नाही.

तू म्हणालास, दादा, तुमच्यासाठी केले. ते मला फार लागले, कारण ते खरे होते. मला ती शील्ड हवी होती. मी तोंडाने कधी मागितली नाही, पण बारा वर्षे ज्या डोळ्यांनी मी तिच्याकडे पाहिले ते तू लहानपणापासून पाहिलेस. त्या रविवारी वंदनेत तुझा आवाज थांबला. माझा थांबला नाही, मी ते शील शेवटपर्यंत म्हटले.

मी रागावलो आहे असे तुला वाटले. राग नव्हता रे, लाज होती. बापाला लेकासमोर लाज वाटली की तो रागाचे तोंड करतो. गेटपाशी तुला जवळ घ्यायला हात उचलला होता, तो तुझ्यापर्यंत नेण्याची हिंमत झाली नाही.

तुला चौदा दिवस लागले. मला पन्नास लागले.

आता एक काम कर. हे पत्र इंग्रजीत करून कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर वाच. इराणी, इराकी, हाँगकाँगवाले, आपले, सगळे हजर असतील तेव्हा. कासिमकडे बघून वाच. एकही वाक्य गाळू नकोस, बापाची लाज राखण्यासाठी तर मुळीच नाही. अलकाला आधी दाखवलेस तर ती नको म्हणेल, तिचे ऐकू नकोस. तिथे मला हात वर करता येत नाही, म्हणून वाचून झाल्यावर माझ्याऐवजी तू कर.

लोभ आहे तसाच ठेव, असे पत्राच्या शेवटी मी आयुष्यभर लिहीत आलो. आज तसे लिहिण्याचा हक्क मला नाही. तो ठेवायचा की नाही हे तू ठरव आणि कळव. मी वाट पाहतो.

तुझा,
दादा