डाव्या पंखाखालचा भुगा

जव्हार, माघ वद्य षष्ठी, संध्याकाळ

डाव्या पंखाखाली पुन्हा पिवळा भुगा. सकाळीच पुसला होता.

उद्या महाराजांसमोर माझे सात हात लांबीचे बांबूचे विमान कड्यावरून सोडायचे आहे. तरंगले तर मुंबईच्या कारखान्यात शिकायला पाठवणार. नाहीतर जन्मभर कचेरीत कागद शिवणे.

टोपल्या विणणारे सोनूबाबा पंख चाचपून हसले. "पौषातल्या पुनवेला तोडलास ना बांबू? महाराजांआधी किडाच बसला तुझ्या इमानात. आमची पोरंबी बांबू तोडायला अवसंची वाट बघतात, तवा कीड लागत नाय."

मी का थांबलो नाही? नवा बांबू तोडला तरी उद्यापर्यंत वाळणार कसा? महाराजांना सांगावे का?

भुगा पुन्हा पुसला. दोन्ही पंख एकाच बांबूचे आहेत. उजव्याखाली बघायचा धीर अजून झालेला नाही.