मोडक्या घोट्याचा तिरंदाज

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस. मी फोन उचलत नाही म्हटल्यावर आज ना उद्या तू दारात येऊन उभा राहशील. दारात आलास की मी आधी चहा टाकीन, मग तू गोड बोलशील आणि माझं बोलायचं राहून जाईल. आजवर असंच होत आलंय. म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला मध्येच 'अगं ताई, ऐक तर' म्हणता येत नाही, तेवढाच फायदा.

आधी खुशाली. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात बरं चाललंय. नवं मशीन आलंय, मालक त्याला लेकरासारखं पुसत असतो. त्याने आम्हाला कधी साधं 'बसा' म्हटलं नाही, पण मशीनला कापडाचं झाकण शिवून घेतलं. इस्त्रीवाल्या मावशींचा गुडघा पुन्हा धरलाय. त्या आताशा मला शिपायांबद्दल काही विचारत नाहीत. पूर्वी रोज विचारायच्या, झेंडेवाल्याच्या मिशा झाल्या का, घोड्याला कुठला रंग दिला. आता नुसत्या माझ्याकडे बघतात आणि इस्त्री फिरवत राहतात. का, ते कळेलच तुला.

तू लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलास, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मला घर खायला उठायचं. मी तसं बोलले नाही, पण तुझ्या लक्षात आलं असणार. एका रविवारी तू खोका घेऊन आलास. आत करड्या प्लास्टिकचे बोटभर शिपाई, एक अख्खी पलटण. तुमच्या मंडळात टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फासे टाकून तुम्ही लढाया खेळता हे मला माहीत होतं. बाप व्हायची वेळ आली तरी खेळणी सुटत नाहीत म्हणून मी तुला हसायचेही. तू म्हणालास, मंडळात बिनरंगाचे शिपाई चालत नाहीत, मला वेळ नाही, ताई तू रंगव. मी म्हटलं, खुळा की काय? आईने जन्मभर माझ्या हातांना फावडी म्हटलं. माझ्या हातून बशी फुटली नाही असा आठवडा जायचा नाही. तेव्हा तू अगदी हळू आवाजात म्हणालास, पण शेवटी आई काय म्हणाली, विसरलीस का?

मी कशी विसरेन? त्या शेवटच्या सकाळी मी कामावर होते, तू तिच्या उशाशी होतास. तिने तुझ्याजवळ निरोप ठेवला होता, ताईला सांग, तुझे हात गुणी आहेत. तू तो मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलास. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तेच वाक्य तू पुन्हा काढलंस आणि मी ब्रश हातात घेतला.

काय काय उद्योग केले मी! शिपाई ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून कापताना पहिल्याच तिरंदाजाचा घोटा मोडला. रडकुंडीला येऊन चिकटवला, तर तिथे गोंदाची गाठ राहिली. रंगाआधीच्या अस्तराचा फवारा दमट हवेत मारला, सगळी पलटण खरखरीत झाली. डोळे काढायला गेले, तर एकेक शिपाई भूत बघितल्यासारखा बघायला लागला. पण हळूहळू मला त्याचा नाद लागला. दुकानातून आले की हातपाय धुवायचे, आईची अंगठी काढून खिडकीत ठेवायची आणि बसायचं. ती अंगठी ब्रशच्या दांडीला लागते. तिची बोटं सुजली तेव्हा नर्सने साबण लावून काढली होती ती, आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, आणि माझ्या मुठीत दिली होती. ती खिडकीत चमकत असली की मला वाटायचं, आई बघतेय.

सगळ्यात माझं लाडकं काम म्हणजे शिपायांच्या पायाखालच्या चकत्या. नुसत्या चकतीवरचा शिपाई कसा उपरा दिसतो, नाही का? तिथे गोंद लावून चाळलेली वाळू पसरायची, एखादा खडा, गवताचा झुपका. की तो शिपाई तिथलाच होऊन जातो, शेकडो मैल चालत आल्यासारखा. चहाचा चोथा वाळवून पाचोळा करायची युक्ती माझी. तू म्हणालास, अशी युक्ती मास्तरांनाही सुचली नाही.

मास्तर! तुमचं मंडळ जिथे भरतं त्या शिपायांच्या दुकानाचे मालक, रंगकामातले मोठे जाणकार. दर रविवारी तू त्यांची नवी गोष्ट घेऊन यायचास. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझा झेंडेवाला उजेडात धरून किती वेळ बघत राहिले. मास्तरांनी चष्म्याची काच पुसली आणि विचारलं, हे झगे कुणी रंगवले? तू रंगवलेली पलटण घेऊन जायचास, नवी करडी पलटण देऊन जायचास, माझा त्रास वाचावा म्हणून चौकटीतून आधीच सोडवलेली. आधीच्या सगळ्या म्हणे दुकानातल्या काचेच्या कपाटात ओळीने उभ्या होत्या. दुसऱ्या खोक्यातल्या तिरंदाजाच्याही घोट्याला गाठ होती. मी तुला दाखवली. तू डोळे मिचकावून म्हणालास, कारखान्याचा साचाच तसा आहे. तिसऱ्या खोक्यातही तीच गाठ. मी कारखान्याला शिव्या घातल्या आणि त्याच्या बुटाला केसाळ काठ रंगवला. तू कपाळावर आठीसुद्धा येऊ दिली नाहीस, शाब्बास!

आता ऐक. गेल्या पंधरवड्यात मला सुट्टी होती. मनात आलं, आपलं कपाट एकदा डोळ्यांनी बघून यावं. तू दर वेळी काहीतरी निमित्त काढायचास, आज दुकान बंद, आज गर्दी. मी मावशींनाही बरोबर घेतलं. किती दिवस ऐकवत होते त्यांना! ठेवणीतले कपडे काढले. मावशींनी तर पावडर लावली. दुकानात गेलो. गल्ल्यामागे एक लठ्ठसे गृहस्थ एका बारीकशा ड्रॅगनच्या शेपटीला रंग लावत बसले होते. मी म्हटलं, मास्तर का? ते म्हणाले, हो. मी हसून म्हटलं, मी ती झगेवाली. त्यांना काही कळेना. मी म्हटलं, अहो, झेंडेवाला, पाचोळा, तुम्ही चष्मा पुसून विचारलं होतंत ना! त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं, पण मावशींना दिसलं. त्यांनी मला कोपर मारलं. बारक्या, मास्तरांना चष्माच नाही रे.

मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा झाला. सज्जन माणूस, खोटं बोलता येत नाही. कपाटात तुझी पलटण होती, पण ती तू रंगवलेली, शनिवार-शनिवार तिथेच बसून. वेळ नव्हता ना तुला! आणि माझी? माझी गल्ल्याच्या मागे होती, एका झाकणाच्या बरणीत, रंग उतरवायच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. वास मी ओळखला, माझा जन्म त्या वासात गेलाय. लोकांचे डाग काढते मी रोज. बरणीत माझा झेंडेवाला होता, अर्धा चेहरा गेलेला. निळा झगा सालीसारखा सुटून पाण्यात तरंगत होता. तळाशी तिरंदाज होता, घोट्याला गाठ असलेला. शेजारच्या केराच्या डब्यात माझ्या चकत्या होत्या, खरवडून काढलेल्या, पाचोळ्यासकट.

मास्तर खाली बघत म्हणाले, तो म्हणतो ताई एकटी असते, हात गुंतलेले बरे. म्हणून धुऊन-धुऊन तेच परत देतो. त्यांना वाटलं होतं, मला ठाऊक आहे.

म्हणजे मी रंगवायचे, तू धुवायचास, पुन्हा मी रंगवायचे. पहिले पाढे पंचावन्न! रडणाऱ्या पोराला खुळखुळा द्यावा तसे दिलेस तू मला ते शिपाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सैन्य आहे माझं म्हणून मी गावभर सांगत होते आणि होती काय, एक पलटण, तीन वेळा आंघोळ घातलेली! एखाद्या परक्याने हसं केलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. तुझी कुठे धरू? तुला शाळेत पोचवताना तुझ्या सदऱ्याची कॉलर मीच सरळ करायचे.

तरी मी तिथून पळून नाही आले. मी मास्तरांना म्हटलं, आता आलेच आहे, तर खरं काय ते सांगा. ते आधी नको म्हणाले. मग बरणीत चिमटा घालून एकेक शिपाई बाहेर काढला आणि सांगितलं. रंग जाड बसतो, पाणी घालून दोनदा लावायला हवा. डोळे भलतेच मोठे आहेत. चोथा नीट वाळत नाही, पहिल्या पलटणीच्या पायांना बुरशी आली होती आणि कपाटात ठेवली असती तर इतरांच्याही शिपायांना लागली असती. एका शिपायाच्या झग्याचा रंग अजून सुटला नव्हता, तो निरखून म्हणाले, झग्याच्या घड्या मात्र या वेळी बऱ्या आहेत. बऱ्या! बास, एवढंच. तुझ्या सगळ्या रविवारांचं कौतुक एका पारड्यात घाल आणि हा 'बऱ्या' दुसऱ्यात. तेवढाच माझा आहे. तोही मला तू मिळू दिला नाहीस. बुरशीचं पहिल्याच रविवारी सांगितलं असतंस, तर मी चोथा भट्टीत वाळवला असता. मी शिकले असते रे. तू मला शिकूच दिलं नाहीस, नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंस.

परतीच्या बसमधून उतरताना मावशी माझा दंड धरून म्हणाल्या, जीव आहे हो त्याचा तुमच्यावर, पण कानाखाली एक द्या. मी देणार होते. तुझा जीव आहे माझ्यावर हे मला कळतं, तेच तर जास्त जाळतं. जीव लावणाऱ्या माणसानेच मला इतकं नालायक ठरवलं, की खरं ऐकवायच्याही लायकीची ठेवली नाही.

आता खरं ते लिहिते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, एक थोबाडीत आणि दोन कप चहावर भागवलं असतं. पण घरी आल्यापासून माझ्या डोक्यातून तो चष्मा जात नाही. तुझं खोटं कसं उभं राहतं ते मला कळलं. तू त्याला चकती लावतोस. वाळू, खडा, गवताचा झुपका. मास्तरांनी कौतुक केलं एवढंच म्हणाला असतास, तर मी हसून सोडून दिलं असतं, पण त्यांनी चष्मा पुसला म्हणालास आणि मला सगळं दिसलं. मग काल दुकानातून आले, रिकाम्या टेबलाशी बसले आणि सवयीने बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवली. आणि दवाखान्याचा जिना आठवला. तू तेव्हा नुसतं वाक्य नव्हतं सांगितलंस, बारक्या. तू म्हणाला होतास, आई बोटातली अंगठी फिरवत होती, फिरवता फिरवता म्हणाली, ताईला सांग, तुझे हात गुणी आहेत. अंगठी आदल्या संध्याकाळपासून माझ्या पर्समध्ये होती. बोटात नव्हतीच तिच्या. तेव्हा आई नक्की काय म्हणाली, ते मला लिही. फावडी म्हणाली असेल तर तसं लिही. माझी आठवणही काढली नसेल, तर तेही लिही. फक्त वाळू-गवत काही लावू नकोस.

तरीही तुझीच,
ताई